सातव्या टाकीचा नारळ

गुरुवार, सकाळी सव्वाअकरा. औद्योगिक वसाहतीच्या मागे, नाल्याच्या काठाला पत्र्याच्या दोन खोल्या. हजर चौघं. घरमालक लिंबाजी घोडके, वय सदुसष्ट. त्याची बायको सुंदराबाई. पाहुणे शिरीष मुळावकर. चौथा मी, वार्ताहर.

गावाचं नाव लिहीत नाही. घरी बीअर करण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे. लिंबाजीलाही माहीत आहे.

"बीअर का आंबते, एवढंच सांग," मुळावकर दुसऱ्यांदा म्हणाले.

लिंबाजीने त्यांनी आणलेली बाटली उजेडात धरली, बूच काढून वास घेतला, पुन्हा बूच लावलं आणि बाटली जमिनीवर ठेवली. स्वतःपासून जरा लांब.

"पूजा कोण करतं?"

"काय?"

"टाकीची पूजा. कोण करतं?"

मुळावकर हसले. ते रसायनशास्त्रातले डॉक्टर. एका मोठ्या बीअर कारखान्यात वीस वर्षं काढलेली, शेवटची बारा गुणवत्ता विभागाचे प्रमुख म्हणून. आता हमरस्त्यावर त्यांची स्वतःची छोटी ब्रुअरी उभी होती. परवाना रीतसर, टाक्या परदेशातून आणलेल्या, बसायला ऐंशी खुर्च्या. चार वेळा माल लावला, चारही वेळा आंबून वाया गेला. पाचव्यांदा लावलेला टाकीत होता. उद्घाटन पंधरा दिवसांवर आलं होतं आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या.

लिंबाजी त्याच मोठ्या कारखान्यात तळघरातला कामगार होता. टाक्या धुणं, नळ्या जोडणं, झाकणं घट्ट करणं. बावीस वर्षं. अकरा वर्षांपूर्वी त्याला काढून टाकलं. आरोप असा, की कामावर दारू पिऊन त्याने सातव्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि वीस हजार लिटर बीअर गटारात सोडली.

ती बीअर उत्तम होती, असा दाखला चौकशीत दाखल झाला. त्यावर सही मुळावकरांची.

म्हणजे ज्याच्या सहीने लिंबाजीची नोकरी आणि अब्रू गेली, तो माणूस त्याच्याच चटईवर बसून विचारत होता, की माझी बीअर का आंबते.

लिंबाजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती त्याच्या बापाने त्याला सोळाव्या वर्षी घातली. त्या दिवसापासून त्याने दारूचा थेंब घेतलेला नाही. चौकशी समितीने त्याचा श्वास तपासला नाही, रक्त तपासलं नाही. तीन माणसं टेबलापलीकडे बसली, त्यांना ती माळ दिसत होती, आणि त्यांनी लिहिलं, 'नशेत होता'.

मीही तेव्हा कंपनीच्या पत्रकावरून चार ओळींची बातमी दिली होती. ती माझ्या नावावर आहे.

"माळकरी माणूस तू," मुळावकर म्हणाले, "आणि घरात बीअर करतोस?"

"करतो. पीत नाही."

"मग चांगली की वाईट ते कसं कळतं?"

"नाक हाय की."

सुंदराबाईने शंकरपाळ्यांचा डबा पुढे सरकवला. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. मुळावकरांनी हात पुढे केला.

"हात धुवा," लिंबाजी म्हणाला.

मुळावकर मोरीत जाऊन हात धुऊन आले.

"पुन्हा."

"धुतले ना आत्ता."

"पुन्हा धुवा."

सुंदराबाई तांब्या घेऊन उठली. ती वरून पाणी घालत होती आणि बघत होती. "साहेब, ते घड्याळ काढा की. त्याच्याखाली काय सोनं दडवलंय?"

घड्याळ निघालं. खाली मळाचा काळा पट्टा होता. सुंदराबाई दुसरा तांब्या भरायला गेली.

मुळावकर परत येऊन बसले तेव्हा चिडलेले होते. त्यांनी स्वतःची स्वच्छता सांगायला सुरुवात केली. टाकी आधी कॉस्टिकने धुतात, मग आम्लाने, मग उकळत्या पाण्याने. प्रत्येक नळीचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तापमान मोबाइलवर दिसतं. माल्ट जर्मनीचं, कडवटपणासाठी घालायची हॉप्सची फुलं जर्मनीची, यीस्टची पाकिटं विमानाने येतात. पाचव्या मालाची सगळी मापं आज सकाळपर्यंत बिनचूक आहेत. म्हणजे चूक असली तर ती पाण्यात असेल, नाही तर हवेत. त्यांना लिंबाजीकडून फक्त एवढंच हवं होतं, की या भागातल्या पाण्याचं काय करायचं.

लिंबाजीने सगळं ऐकून घेतलं.

"पाणी तेच हाय," तो म्हणाला, "जे मी वापरतो."

तो उठला. भिंतीशी हॉटेलात असतात तसले दोन मोठे स्टीलचे कुकर पालथे घालून वाळत ठेवले होते. दोन्हींच्या झाकणांना शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवलेली. माल लावला की नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. आतली हवा बुडबुड करत बाहेर पडते, बाहेरची आत जात नाही. एवढाच त्याचा कारखाना.

शेजारी ओल्या पोत्याखाली बाटल्या होत्या. त्याने दोन काढल्या. एक कोरी. दुसरीवर खडूने सात आकडा.

कोरी बाटली उघडली. फस्स झालं. स्टीलच्या पेल्यात फेस चढला आणि टिकून राहिला.

मुळावकरांनी आधी रंग पाहिला, मग वास, मग घोट. मग आणखी एक घोट. मग पेला रिकामा.

"कुकरमध्ये?" त्यांनी विचारलं.

"कुकरमध्ये."

"यीस्ट कुठलं?"

"आधी दुसरी घ्या."

सात आकड्याची बाटली उघडली. पेला तोंडापर्यंत गेलाच नाही. मुळावकरांनी तो नाकापाशीच थांबवला आणि मान मागे घेतली.

"हाच... चारही वेळा हाच वास," ते म्हणाले. "माझा माल तुझ्याकडे कसा आला?"

"तुमचा नाही, साहेब. हा सातव्या टाकीचा."

"सातवी टाकी तू गटारात सोडलीस."

"हो. म्हणून दर साल पुन्हा करतो."

मग त्याने सांगितलं. आवाज न चढवता, टाकीवरच्या नोंदी वाचून दाखवाव्यात तसं. त्या वर्षीची खंडेनवमी. सातव्या टाकीत माल्टचा गोड काढा गार होऊन तयार होता. त्यात यीस्ट पडायचं होतं. पण व्यवस्थापकीय संचालकांच्या हस्ते पूजा ठरली होती, आणि पूजा झाल्याशिवाय यीस्ट घालायचं नाही असा हुकूम होता. नऊ वाजता टाकीचं झाकण उघडलं. साहेब एक वाजता आले. चार तास तो काढा उघडा पडून होता. साहेबांनी नारळ फोडला तो झाकणाच्या लोखंडी काठावर. पाणी आत गेलं. शेंडीचा झुपका आत गेला.

शेजारी पूजेचं ताट धरून मुळावकर उभे होते.

लिंबाजी तिथेच त्यांना म्हणाला होता, की साहेब, हा माल आता जाईल, सोडून द्या. मुळावकर सगळ्यांसमोर म्हणाले होते, नारळाच्या पाण्याने काही होत नाही, देवाचं आहे ते.

पुढे दहा दिवस मापं बिनचूक आली. अकराव्या दिवशी लिंबाजीला वास लागला. बाराव्या दिवशी बाटल्या भरायचा हुकूम आला. बिघाड मापांत दिसेपर्यंत थांबा म्हणून लिंबाजीने तीन दिवस मागितले. मिळाले नाहीत. मग त्याने व्हॉल्व्ह उघडला.

"तेव्हापासून दर खंडेनवमीला दोन कुकर लावतो. माल्ट एक, पाणी एक, चूल एक. एकात लगेच यीस्ट. दुसरा चार तास उघडा, वर काठाला नारळ फोडून. अकरा साल झाली. अकराही वेळा सातवी आंबली."

"मग पुढे काय करता त्या मालाचं?" मुळावकरांनी विचारलं. लिंबाजीला ते पहिल्यांदाच अहो-जाहो बोलले.

"चांगली जुन्या तळघरातली पोरं येऊन पिऊन जातात. पोरं म्हणजे साठीची," सुंदराबाई म्हणाली. "आंबलेली शेवग्याला. शेवगा बघा दारातला, कसा माजलाय."

मुळावकरांनी दाराबाहेर शेवग्याकडे पाहिलं.

"कंपनीला कळवलंत?"

"नऊ पत्रं. पोच हाय सगळ्यांची. बघायला कोणी आलं नाही. आज तुम्ही आलात."

मुळावकर पेल्याकडे बघत राहिले...

"साहेब, तुम्ही नारळ कुठं फोडता?"

मुळावकरांनी पेला हातात फिरवला.

"टाकीवर?"

"टाकीवर."

"झाकण उघडून?"

"गुरुजींना मुहूर्त लागतो... त्याआधी उघडून ठेवतो. यीस्ट पूजेनंतर."

"हे शिकलात कुठं?"

मुळावकरांनी पेला खाली ठेवला. "तिथेच. तसंच करायचे."

लिंबाजीने सात आकड्याच्या बाटलीला बूच लावलं.

"इतकी वर्षं तुम्ही रोज तळघरात यायचात," तो म्हणाला. "मी रोज हात धुवायचो. ते कधी बघितलं का?"

मुळावकर वाद घालू लागले. घातला नसता तर ते मुळावकर नसते. पूजा करायची नाही का मग, त्यांनी विचारलं. तुम्ही माळकरी, तुम्हीच असं म्हणता?

"करा की. मीही नारळ फोडतो. दारात." लिंबाजीने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे दगडावर करवंटीचे डाग होते. "देव दारात थांबतो, साहेब. त्याला घाई नसते. आत घुसायची घाई साहेब लोकांना."

आता पाचव्या मालाचा प्रश्न उरला. पूजा सोमवारी झाली होती. गुरुवारी मापं बिनचूक. मुळावकर म्हणाले, दोन दिवस थांबू, प्रयोगशाळेचा अहवाल येऊ दे. उद्घाटनाला माल लागेल. हा गेला तर पुढचा तीन आठवड्यांनी. ऐंशी माणसांना काय तोंड दाखवू?

लिंबाजीने चपला घातल्या.

साडेबाराला आम्ही ब्रुअरीत पोचलो. सुंदराबाईही आली. अकरा वर्षांत नवऱ्याने एवढी झपाझप पावलं टाकलेली तिने पाहिली नव्हती, असं ती रिक्षात म्हणाली.

टाकी चकाकत होती. तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता, झाकणाच्या काठाला कुंकू. लिंबाजी टाकीपासून चार हात लांब उभा राहिला. त्याने नुसता वास घेतला. मग हात पाठीमागे बांधले.

"मापं अजून बरोबर आहेत," मुळावकर म्हणाले.

"त्या दिवशीही बरोबर होती."

"तुम्हाला वास येतोय?"

"अजून नाही."

"मग?"

"नारळ फोडला ना?"

"फोडला."

"मग झालं."

मुळावकरांनी व्हॉल्व्हकडे पाहिलं. "तुम्ही उघडा. तुम्हाला सवय आहे."

हे ते टोचून बोलले की विनंती म्हणून, मला कळलं नाही. लिंबाजीने बांधलेले हात सोडले नाहीत.

"मी एकदा उघडला. आता तुमची पाळी."

मी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. मुळावकरांनी खाली वाकून व्हॉल्व्ह फिरवला. पाचशे लिटर, सोनेरी, स्वच्छ दिसणारी, बिनचूक मापांची बीअर फरशीवरून जाळीत जायला लागली. फेस त्यांच्या बुटांवरून गेला. ते हलले नाहीत.

कामावरची तिन्ही माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यातला भाऊलाल नावाचा एकजण माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेबांनी भर दुपारी घेतली काय?"

आरोपपत्रातलं वाक्य हेच होतं. तिथे ते इंग्रजीत होतं, एवढाच फरक.

मुळावकरांना ते ऐकू गेलं. त्यांनी वर पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. ते लिंबाजीकडे बघत होते, आणि लिंबाजी जाळीकडे.

टाकी रिकामी व्हायला पाव तास लागला. मग लिंबाजीने पहिल्यांदा सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पाण्याची नळी मागितली.

पुढचे दिवस लिंबाजी रोज तिथे जात होता. पगाराचं बोलणं झालं नाही, तो म्हणाला ते नंतर बघू. त्याने टाकी मुळावकरांकडूनच धुऊन घेतली. डॉक्टर माणूस डोकं आत घालून ब्रश मारत होता आणि बाहेरून सुंदराबाई सांगत होती, की कोपरा राहिला, कोपरा राहिला. नारळ फाटकाबाहेर फुटला. हार फाटकाला लागला. काढा गार झाला त्या मिनिटाला यीस्ट पडलं आणि झाकण बसलं.

तिसऱ्या दिवशी मुळावकरांना आत बघायचं होतं. पाना सापडेना. झाकणाचा पाना लिंबाजी घरी घेऊन गेला होता. मुळावकरांनी फोन केला.

"झाकण उघडून बीअर होत नाही, साहेब. न उघडून होते," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

उद्घाटन पुढे गेलं. ऐंशी माणसांना मुळावकरांनी स्वतः फोन केले. कारण विचारलं त्याला खरं सांगितलं. काहीजण हसले. एकाने विचारलं, म्हणजे एका बडतर्फ बेवड्याच्या सांगण्यावरून तुम्ही पाचशे लिटर ओतलंत? मुळावकर म्हणाले, हो, फक्त तो पीत नाही.

माल लावल्याच्या सव्वीसाव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, टाकीचा नळ ऐंशी माणसांसमोर उघडला. पाना लिंबाजीने सकाळी आणून दिला होता.

पहिला ग्लास मुळावकरांनी भरला आणि लिंबाजीसमोर दोन्ही हातांनी धरला. फेस पांढरा, दाट, काठाला चिकटून. लिंबाजीने वास घेतला. एकदा. मग डोळे मिटून पुन्हा. सगळं थांबलं होतं. भाऊलालने तर टोपी काढून हातात धरली होती.

लिंबाजीने ग्लास बायकोकडे दिला.

"मी पिऊ?" सुंदराबाई म्हणाली.

"मग कोण?"

तिने ऐंशी माणसांसमोर तो ग्लास एका दमात संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरी हाय. आमच्या कुकरची जास्त चांगली."

टाळ्या पडल्या त्या अशा, की बाहेर हमरस्त्यावरचा एक ट्रकवाला थांबून आत बघून गेला. पुढच्या खुर्च्यांवर जुन्या तळघरातली सातजण बसली होती. मुळावकरांनी त्यांना स्वतः बोलावलं होतं. त्यातले दोघं रडत होते आणि ग्लास भरून मागत होते.

मग मुळावकरांनी खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचला. सातव्या टाकीचा दाखला मी माल न तपासता दिला. लिंबाजी घोडके त्या दिवशी शुद्धीत होता. त्याच्यावरचा आरोप खोटा आहे हे मला तेव्हा माहीत होतं. त्याने जे केलं ते माझं काम होतं, ते मी केलं नाही. खाली सही, तारीख, हुद्दा. एक प्रत कंपनीला सकाळीच गेली होती, पोच त्यांच्या खिशात होती. दुसरी प्रत माझ्यासाठी होती. या वेळी मी ती चार ओळींत बसवली नाही.

तिसरी त्यांनी लिंबाजीच्या हातात दिली आणि वाकून पायांना हात लावला.

"मामा, चुकलो," ते म्हणाले.

लिंबाजीने त्यांना उठवलं. बाजूला एक खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि कागद वाचायला बसला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. आजूबाजूला लोक त्याच्या नावाने ग्लास उंचावत होते, त्याने वर पाहिलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत बोट गेलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर आलं.

चौकशीचा मूळ अहवाल चौदा पानांचा आहे. तो मी वाचला आहे. त्यात टाकीची उंची आहे, व्हॉल्व्हचा व्यास आहे, वाया गेलेल्या मालाचा लिटरमध्ये हिशेब आहे. नारळ हा शब्द त्यात एकदाही नाही. त्या संचालकांच्या हस्ते यंदाही खंडेनवमीची पूजा झाली. त्यांना मी लेखी प्रश्न पाठवला, त्याला आज एकोणीस दिवस झाले.

लिंबाजीचं वाचून झालं. त्याने कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला. चेहरा उजळलेला होता. मुळावकर अजून समोर उभे होते.

"चांगलं लिहिलंत, साहेब," तो म्हणाला. "नारळ कोणी फोडला, तेवढं राहिलं."